तलंग की कोंबडा?

पहिले काही आठवडे सगळी पिल्लं सारखीच वाटतात. आईच्या मागे घोळक्याने धावणार, घारीची सावली पडली की तिच्या पंखाखाली दडणार, कणी टाकली की एकमेकांच्या अंगावरून उड्या मारणार. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मात्र रोज पाहणाऱ्याच्या नजरेला फरक कळू लागतो. चार-पाच पिल्लं मान ताठ करून उभी राहायला लागतात. त्यांच्या डोक्यावरची पिवळट रेघ आधी गुलाबी, मग तांबूस होते आणि तिच्यावर बारीक दाते उमटतात. बाकीच्यांची रेघ तशीच फिकट आणि आखूड राहते.

गावाकडच्या बाईला एवढं पुरतं. कुठली पिल्लं पुढे अंडी देणार आणि कुठली आखाडात विकायची, हा तिचा हिशेब त्या आठवड्यात मांडून होतो.

पन्हाळ्याच्या पायथ्याकडच्या एका वाडीत ज्यांना सगळे आक्का म्हणतात, त्यांची पद्धत मी जवळ बसून पाहिली. संध्याकाळी पिल्लं डालग्याखाली आल्यावर त्या एकेक पिल्लू बाहेर काढतात. दोन्ही पंख तळहातात दाबून धरायचे, म्हणजे ते फडफडत नाही. मग अंगठ्याने तुरा चाचपायचा. "पयला तुरा, मग पाय, मग पाठ. तिन्ही एकच बोललं तर ते खरं," असं त्या म्हणाल्या. पाय म्हणजे पायाची नळी: नराची जाड, पंजाही मोठा. पाठ म्हणजे पाठीवरची पिसं. तलंगेची पाठ या वयापर्यंत झाकलेली असते, शेपटीही फुटलेली असते. नराची पिसं मागाहून येतात, त्यामुळे त्याच्या खांद्यांमध्ये उघडी कातडी दिसते. एका करड्या पिल्लाचा तुरा कोंबड्याचा होता आणि पाठ तलंगेची. आक्कांनी ते उजेडाकडे फिरवून पाहिलं आणि परत डालग्याखाली सोडलं. "ह्येचं अजून पंधरा दिसांनी बघू."

हे पंधरा दिवस त्यांना परवडतात. या लेखात पुढे जे काही येणार आहे, ते सगळं या परवडण्याभोवती फिरतं.

आक्कांची रीत साध्या गावरान कोंबड्यांना लागू पडते, पण जात बदलली की खुणाही बदलतात. असील कोंबडीचा तुरा मुळातच बसका, वाटाण्यासारखा. त्याच्या उंचीवरून अंदाज बांधायला गेलं तर असील नरही दोन महिन्यांपर्यंत मादीच वाटतो. कडकनाथाची कातडी, जीभ, तुरा सगळंच काळपट असतं. तिथे लाली शोधून उपयोग नाही, तुऱ्याचा आकारच पाहावा लागतो. तीन महिन्यांनंतर मात्र बहुतेक जातींत शंका उरत नाही. मानेवरचं आणि पाठीवरून शेपटीकडे उतरणारं एकेक पीस बोटांनी उचलून पाहावं. मादीचं पीस टोकाशी गोल असतं आणि त्याची कड भरीव असते. नराचं पीस लांब, निमुळतं, टोकदार, आणि कडेचे तंतू सुटे असल्यामुळे उन्हात चमकणारं. शेपटीची पिसंही बाकदार होऊन खाली लोंबू लागतात. मग एका पहाटे घोगरी, मध्येच तुटणारी पहिली बांग ऐकू येते.

तुरा इतका खात्रीचा का, याचं उत्तर विज्ञानाला कोंबड्यांकडूनच मिळालं. १८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी सहा तरुण कोंबडे घेतले आणि त्यांचे वृषण काढले. काहींना तसंच सोडलं, तर काहींच्या पोटात एक वृषण पुन्हा बसवला, जुन्या नसांशी काहीही संबंध न ठेवता. ज्यांना काहीच परत मिळालं नाही त्यांचे तुरे आक्रसले, बांग बंद झाली, भांडणं थांबली. ज्यांना वृषण परत मिळाला ते पुरते कोंबडे झाले. नसा तुटल्या असूनही परिणाम होतो, याचा अर्थ काहीतरी रक्तातून जातं. हार्मोन हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. पुढे विसाव्या शतकात ते द्रव्य शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा अर्काची ताकद मोजायला खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुराच वापरत: अर्क टोचायचा आणि तुरा किती वाढला ते मोजायचं. प्रयोगशाळेची ही मोजपट्टी आणि आक्कांचा अंगठा एकाच गोष्टीचा माग काढत होते.

पिसांची गोष्ट याहून वेगळी आहे. कोंबड्याचा झगझगीत पिसारा नर-हार्मोनमुळे येतो असं वाटतं, पण खच्ची कोंबड्याचाही पिसारा टिकतो. उलट मादीच्या अंडाशयातून येणाऱ्या हार्मोनमुळे तिची पिसं गोल आणि साधी राहतात. कोंबडीचं फक्त डावं अंडाशय काम करतं. रोगाने किंवा वयाने ते निकामी झालं, तर पुढच्या पिसझडीनंतर तिला नराची पिसं येऊ शकतात. उजव्या बाजूचा निद्रिस्त भाग कधी कधी वृषणासारखा वाढतो, तुरा लाल होतो आणि ती आरवू लागते. आपल्याकडे आरवणाऱ्या कोंबडीला अपशकुनी मानून कापतात. युरोपात १४७४ साली बासेल शहरात अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला चालवून त्याला जाळलं होतं. तो कोंबडा बहुधा अशीच एखादी मादी असावी. एका आजारी पक्ष्याला माणसाच्या भीतीची इतकी मोठी शिक्षा व्हावी, याचं वाचताना वाईट वाटतं.

सहा आठवडे थांबायची तयारी नसलेले लोक सगळीकडे आणि सगळ्या काळात होते. लांबट, टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोलसर अंड्यातून कोंबडी निघते, असं आजही अंडी मांडताना सांगितलं जातं. रोमन शेतीतज्ज्ञ कोलुमेला यांनी हेच लिहून ठेवलं आहे. त्यांच्याआधीच्या अ‍ॅरिस्टॉटलच्या ग्रंथात नेमकं उलट आहे: लांब अंडं मादीचं, गोल अंडं नराचं. दोन थोर माणसं, दोन उलट नियम, आणि दोघांचेही अनुयायी शतकानुशतकं समाधानी. अंड्यावर दोऱ्याला बांधलेली अंगठी फिरवतात. पिल्लू मानेला धरून उचलतात आणि पाय पोटाशी घेतं की लोंबू देतं ते पाहतात. यातली कुठलीही युक्ती घ्या, निम्मी उत्तरं बरोबर येतातच, कारण निम्मी पिल्लं नर असतात. बरोबर आलेलं लक्षात राहतं, चुकलेलं पिल्लू घार नेते किंवा विसरलं जातं.

"आमची ही कोंबडी नुसते कोंबडेच काढते," ही तक्रारही सर्रास ऐकू येते. दहा पिल्लांत सात किंवा त्याहून जास्त एकाच लिंगाची निघावीत, असं साधारण तीन खेपांतून एकदा निव्वळ योगायोगाने घडतं. एवढा कल दिसला की घरोघरी कोंबडीला नावं ठेवली जातात. तरी या तक्रारीत एक खरी गोष्ट दडलेली आहे. पक्ष्यांत नराकडे झेड गुणसूत्राची जोडी असते आणि मादीकडे एक झेड, एक डब्ल्यू. त्यामुळे पिल्लू नर की मादी हे आईच्या बाजूने ठरतं, तेही अंडं घालण्याच्या आधीच. माणसांत हे बापाकडून ठरतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या बोल मात्र सुनांना लावला गेला. कोंबडीच्या बाबतीत बोल लावायला निदान जागा तरी बरोबर सापडली आहे, पण तिलाही त्यात निवड नाही.

घाई खऱ्या अर्थाने सुरू झाली ती उबवणी यंत्रांमुळे. अंगणात पिल्लू किडे, कणी, उकिरड्यावरचं खाऊन वाढतं. ते नर निघालं म्हणून सहा आठवड्यांत कुणाचं दिवाळं निघत नाही. हॅचरीत मात्र एका वेळी हजारो पिल्लं बाहेर पडतात आणि पुढचा प्रत्येक घास पोत्यातल्या विकतच्या खाद्याचा असतो. विसाव्या शतकात अंड्यांची जात वेगळी आणि मांसाची जात वेगळी झाली, तशी ही अडचण आणखी टोकाला गेली. मांसाची जात पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरते. अंड्यांच्या जातीचा नर अंडं देत नाही, आणि त्याच खाद्यावर अंगही धरत नाही. मालकाला तो पहिल्याच दिवशी ओळखून हवा असतो.

पहिल्या दिवशी ओळखण्याची रीत जपानने शोधली. १९२० च्या दशकात तोक्यो इम्पीरियल विद्यापीठातले कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतल्या घडीत मोहरीहूनही बारीक उंचवटा असतो आणि त्यावरून नर-मादी सांगता येते. १९२७ साली कॅनडातल्या ओटावा इथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत हे काम जगासमोर आलं. १९३३ मध्ये मासुई आणि हाशिमोतो यांचं पुस्तक इंग्रजीत निघालं. जपानमध्ये या कामाच्या शाळा निघाल्या, आणि तिथे तयार झालेली माणसं अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या हॅचऱ्यांत बोलावली जाऊ लागली.

काम असं चालतं. डाव्या हातात पिल्लू, आधी अंगठ्याच्या हलक्या दाबाने विष्ठा बाहेर काढायची, मग उजव्या हाताच्या बोटांनी घडी उघडायची आणि तेज दिव्याखाली क्षणभर पाहायचं. बहुतेक नरांत उंचवटा गोल, टणक, चकचकीत असतो. बहुतेक माद्यांत तो सपाट असतो किंवा नसतोच. पण काही माद्यांतही फुगवटा सापडतो आणि काही नरांत तो दबलेला. शिवाय जोर जास्त झाला तर पिल्लू मरतं. तयार माणूस तासाला हजारभर पिल्लं पाहतो आणि शंभरांत दोन-तीनच चुकतो. हे शब्दांत सांगता येत नाही, हातालाच कळतं, असं फार वर्षं मानलं जात होतं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या बीडरमन आणि शिफरार या संशोधकांनी त्याची परीक्षा घेतली. पन्नास वर्षं हेच काम केलेल्या एका जाणकाराशी बोलून त्यांनी नेमकं कुठे आणि काय पाहायचं याचं एक पान तयार केलं. काहीच न शिकलेल्या लोकांना १८ छायाचित्रं दाखवली तेव्हा त्यांची सुमारे ६० टक्के उत्तरं बरोबर आली. ते एक पान वाचल्यावर ८४ टक्के. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. हाताची चपळाई वर्षांनीच येते, पण नजरेचं ज्ञान नीट विचारणारा माणूस भेटला की शब्दांत उतरतं. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या बायकांना असं कुणी विचारलेलं नाही.

नंतरच्या काळात या कामात कोरियन माणसं मोठ्या संख्येने आली. ली आयझॅक चुंग यांचा २०२० चा 'मिनारी' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना अर्कान्सामधल्या हॅचरीत पिल्लं निवडणारं ते जोडपं आठवेल. हॅचरीच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराचं कारण बाप मुलाला सांगतो: तिथे नर पिल्लं जाळतात. दिवसभर हजारो पिल्लं उलटी करून पाहणाऱ्या माणसाला आपण नेमकं काय ठरवतो आहोत याची पूर्ण जाणीव असते, हे त्या एका प्रसंगातून कळतं.

दुसरा मार्ग आनुवंशिकीचा. शाळेत ज्यांच्या नावाचा चौकोन आपण काढला, त्या केंब्रिजच्या रेजिनल्ड पनेट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सुचवलं की योग्य जोड्या लावल्या तर पिल्लाच्या रंगावरूनच लिंग कळेल. १९२९ मध्ये त्यांनी 'कँबार' ही जात तयार केली. तिच्यात नर आणि मादी पिल्लांच्या अंगावरची लव जन्मतःच वेगळी दिसते. यामागचं तत्त्व एवढंच: रंगाचे काही गुण झेड गुणसूत्रावर असतात, आणि आईचं झेड फक्त मुलग्यांकडे जातं. आईकडे रुपेरी गुण आणि बापाकडे सोनेरी असेल, तर मुलगे पांढरट आणि मुली तांबूस निघतात. पंखांचंही असंच. आई उशिरा पिसं फुटणाऱ्या वाणाची आणि बाप लवकर फुटणाऱ्या वाणाचा निवडला, तर पहिल्या दोन दिवसांत पंख पसरून पाहिला की पुरतं. मुलीची उडायची पिसं त्यांच्यावरच्या पिसांपेक्षा लांब, मुलग्याची दोन्ही सारखी.

पंखाची ही युक्ती ऐकून अनेकजण गावरान पिल्लांचे पंख पसरून पाहतात आणि फसतात. आईबाप मुद्दाम निवडलेले नसतील तर त्या लांबीला काही अर्थ नाही. आपल्या अंगणात चार पिढ्यांत कुठकुठले कोंबडे येऊन गेले, कुणी सांगू शकत नाही. मात्र एक खूण अंगणातही चालते आणि ती माहीत असलेली बरी. सरकारी केंद्रांतून आलेल्या तांबड्या ऱ्होड आयलंड रेडला सगळे आरआयआर म्हणतात. तसा, म्हणजे अंगावर पट्टे नसलेला कोंबडा आणि काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची कोंबडी अशी जोडी असेल, तर काळ्या लवेच्या पिल्लांचं डोकं पाहा. पांढरा ठिपका असलेली ती नर, डोकं पूर्ण काळं ती मादी. जोडी उलटी असेल, म्हणजे कोंबडा पट्ट्यांचा असेल, तर ही खूण विसरा.

पहिल्या दिवशी उत्तर मिळालं की पुढे काय होतं, हे न लिहिणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. जगभरात दरवर्षी अंड्यांच्या जातीची सुमारे ६ ते ७ अब्ज नर पिल्लं जन्मतात आणि त्यातली बहुतेक त्याच दिवशी मारली जातात, यंत्रात दळून किंवा वायूने गुदमरवून. आपल्याकडे त्यांचा एक वाटा बाजारात येतो. आठवडी बाजारात, जत्रेत, शाळेच्या फाटकाबाहेर पाटीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्लं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती बहुतेक हॅचरीने काढून टाकलेली अंड्यांच्या जातीची नर पिल्लं असतात. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला पहिले काही दिवस ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. त्याला रंगाच्या पाण्यात बुडवून वाऱ्यावर विकायला ठेवतात. मूल हट्ट धरतं, घरी नेतं, आणि दोन दिवसांत पिल्लू मरतं. हा व्यापार थांबायला हवा आणि त्याची सुरुवात न विकत घेण्यापासून होते, असं मला ठामपणे वाटतं. काही विक्रेते हीच पिल्लं रंग न देता 'गावरान' म्हणून खेडोपाडी विकतात. घेणारी बाई सहा आठवडे दाणा घालते आणि मग एकामागून एक सगळ्यांचे तुरे लाल होतात.

जर्मनीत या मारण्याविरुद्धचा वाद सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेला. १ जानेवारी २०२२ पासून तिथे अंड्यांच्या जातीची नर पिल्लं मारण्यावर बंदी आली. फ्रान्सनेही पाठोपाठ तेच केलं. मग उत्तर आणखी आधी, अंड्यातच शोधण्याची शर्यत लागली. एका पद्धतीत नवव्या दिवशी लेसरने कवचाला ०.३ मिलिमीटरचं छिद्र पाडून द्रवाचा थेंब घेतात आणि त्यात मादीचं हार्मोन आहे का ते तपासतात. दुसऱ्या पद्धतीत तेराव्या दिवशी कवचाआरपार प्रकाश टाकून आतल्या पिसांचा रंग वाचतात. जन्मलेलं पिल्लू दळण्यापेक्षा हे बरं, यात मला शंका नाही. पण प्रत्येक नवं यंत्र त्या नराला जगात येण्याच्या आणखी आधी गाठतं, आणि त्याला जागा का उरली नाही हा प्रश्न तसाच राहतो.

जर्मनीतच तिसरा गटही आहे. तो अंडं थोडं महाग विकतो आणि त्या जादा पैशातून कोंबड्यांचे भाऊ वाढवतो. गिऱ्हाईक खोक्यावरची ओळ वाचून 'भावासाठी' चार पैसे जास्त देतं. या मंडळींबद्दल मला आदर आहे. जे तिथे चळवळ करून मिळवावं लागतं आहे, ते आपल्या परसात अजून शिल्लक आहे. इथल्या कोंबड्याला गिऱ्हाईक आहे. आखाडात, गटारीच्या आधी त्याला भाव चढतो. कार्ल्याच्या एकवीरेला त्याचा नवस असतो, कोकणात राखणदाराला राखण म्हणून तोच लागतो, आणि पाहुणा आला की रस्साही त्याचाच होतो. तो मरतोच. पण आधी पाच-सहा महिने उकिरडा उकरतो, भांडतो, आरवतो.

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या कुक्कुट योजनेत अनुदानाचे दोन प्रकार आहेत, आणि दोन्हींत हा प्रश्न नीट सोडवलेला दिसतो. एका प्रकारात आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगांचा गट मिळतो: २५ माद्या आणि ३ नर. हे वय निवडलं आहे, कारण तोपर्यंत तुऱ्याने आपलं काम केलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात १०० एकदिवसीय मिश्र पिल्लं मिळतात, न निवडलेली. मिश्र पिल्लं घेणाऱ्या बाईने निम्मे नर गृहीत धरूनच हिशेब करावा आणि तो तोट्याच्या रकान्यात लिहू नये. सातव्या-आठव्या आठवड्यात नर वेगळे करावेत, नाहीतर दाण्यावर दांडगाई करून ते तलंगांना मागे सारतात. पैदाशीसाठी दहा माद्यांमागे एक चांगल्या अंगाचा, शक्यतो दुसऱ्या घरच्या पिल्लांतला नर ठेवावा. उरलेले एकदम व्यापाऱ्याला नगावर न देता मोठे होतील तसे वजनावर विकावेत, आणि पिल्लं अशा बेताने आणावीत की आखाड लागेल तेव्हा कोंबडे पाच महिन्यांचे झालेले असतील, म्हणजे माघाच्या सुमाराला.